दगडखाण, गाव आणि गावातल्या बायका: सातारा-सांगलीतल्या खाणचालकांसाठी कामाची पद्धत

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत खाण म्हणजे मुख्यतः दगडखाण आणि तिच्या शेजारचा खडी क्रशर. काळा पाषाण फोडून खडी, ग्रिट आणि क्रश सँड करायची, डोंगरउतारावरचा मुरूम उचलायचा, माण, येरळा, अग्रणी, कृष्णा यांच्या पात्रांतून वाळू काढायची, असा हा धंदा आहे. परवाना गौण खनिजाचा (दगड, मुरूम, वाळू यांसारख्या खनिजांचा) आणि पट्टा, म्हणजे खाणीसाठी दिलेली जमीन, बहुतेक वेळा काही हेक्टरांचा. मोठ्या खाण कंपन्यांकडे गावाशी बोलायला वेगळा विभाग असतो, तसा इथं नसतो. मालक, त्याचा मॅनेजर आणि गावातला एखादा ओळखीचा माणूस मिळून ते काम उरकतात. त्यांचं बोलणं होतं ते जमीनमालक, सरपंच आणि पोलीस पाटील यांच्याशी, म्हणजे बहुतेक ठिकाणी पुरुषांशीच. बाई सरपंच असली तरी अनेकदा चहा तिच्या नवऱ्यासमोर ठेवला जातो.

खाणीचा त्रास मात्र घरात आणि शिवारात राबणाऱ्या बाईला आधी होतो. धूळ वाळत घातलेल्या कुरडयांवर आणि हांड्यांवर बसते. विहिरीचं पाणी खाली गेलं की जास्तीची खेप तिच्या डोक्यावर येते. डंपरच्या रस्त्यावरून शाळेला जाणाऱ्या मुलीला सोडायलाही तीच जाते. त्रास एकीला आणि वाटाघाट दुसऱ्याशी झाली, की करार कागदावर पक्का दिसतो आणि सहा महिन्यांत बायका रस्त्यावर डंपर अडवून बसतात. तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटतं, पण ते वाटायचं कारण नाही. त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

खाली दिलेली पद्धत क्रशरचालक, खाणपट्टाधारक, त्यांचे पर्यावरण सल्लागार आणि गावाच्या बाजूनं करार करणाऱ्या ग्रामपंचायती यांच्यासाठी आहे. मनुष्यबळ फारसं लागत नाही. एक जबाबदार महिला कर्मचारी किंवा बाहेरची प्रशिक्षित कार्यकर्ती, एक रजिस्टर आणि पट्ट्यासाठी अर्ज करण्याआधीचे सहा ते आठ आठवडे एवढं पुरतं.

पहिली पायरी: घरांची यादी, आणि ती कशी करायची

पट्ट्याच्या हद्दीपासून किमान एक किलोमीटरच्या आतली सगळी घरं आणि वाहतुकीच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांची घरं यादीत घ्या. सुरुवात ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीवरून केली तरी तिथंच थांबू नका. गायरानातली झोपडी, वडार वस्ती, धनगरांचा वाडा, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं कुलूपबंद घर या नोंदीत येतीलच असं नाही, आणि खाणीला सगळ्यात जवळची घरं बऱ्याचदा हीच असतात.

प्रत्येक घरासमोर एवढे रकाने ठेवा: घरात राहणाऱ्या प्रौढ स्त्रिया किती, घर कोणाच्या नावावर, शेतजमीन आहे का आणि ७/१२ वर कोणाचं नाव, पाणी कुठून आणि कोण भरतं, चूल की गॅस, शेळ्या-कोंबड्या कोणाच्या, दिवसा घरी कोण असतं, कोणाला दमा किंवा धाप, गरोदर किंवा तान्हं मूल आहे का. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: विधवा, परित्यक्ता किंवा एकट्या राहणाऱ्या बाईचं घर. सांगली जिल्ह्यात परित्यक्तांच्या हक्कांसाठी मोठी चळवळ झाली. स्वतंत्र रेशनकार्ड, स्वतंत्र घर, जमिनीतला वाटा या मागण्या इथल्या बायकांनी दशकांपूर्वीच मांडल्या. तरीही सर्वेक्षणाच्या तक्त्यात परित्यक्ता भावाच्या किंवा बापाच्या कुटुंबात मिसळून जाते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं विधवा, घटस्फोटिता आणि टाकलेली स्त्री यांना स्वतंत्र कुटुंब मानलं आहे. तुमचा करार खाजगी असेल आणि तो कायदा लागू होत नसेल, तरी हा नियम स्वतःहून स्वीकारा. यादी त्या दिवसापासून सरळ होते.

आशा, अंगणवाडी सेविका आणि उमेद अभियानातल्या बचत गटांच्या समूह संसाधन व्यक्ती यांना घरं तोंडपाठ असतात. त्यांची मदत घ्या, पण त्यांच्याकडची आरोग्याची रजिस्टरं मागू नका. ती माहिती त्यांच्या विश्वासावर दिलेली असते. त्यांच्या वेळेचा मोबदला द्या, आणि तो ग्रामपंचायतीला कळवून उघडपणे द्या, नाहीतर गावात त्यांनाच कंपनीच्या बाया म्हटलं जाईल.

दुसरी पायरी: बायकांची बैठक

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, म्हणून जरा विस्तारानं.

वेळ. सकाळी दहाला बैठक लावली तर द्राक्षबागेतली विरळणी, ऊसलावण किंवा हळदीच्या कामाला गेलेल्या बाईला एक दिवसाची मजुरी बुडवून यावं लागतं. संध्याकाळी सातला लावली तर स्वयंपाकाची वेळ. बहुतेक गावांत दुपारी दोन ते चार, किंवा रात्री जेवणं आटोपल्यावर साडेआठनंतरची वेळ जमते. तरीही ती गावाला विचारूनच ठरवा. तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर ते मार्च बागेचं काम भरात असतं. माण-खटाव, आटपाडी, जत भागात उन्हाळ्यात बाईचा अर्धा दिवस पाण्यात जातो. पाहणीसाठी हाच काळ योग्य, बैठकीसाठी नाही.

जागा. मंदिराचा सभामंडप सोयीचा वाटतो, पण मासिक पाळीतली बाई तिथं येणार नाही आणि काही गावांत दलित वस्तीतल्या बायका उंबऱ्यावरच बसतील. अंगणवाडी किंवा शाळेचा वर्ग बरा. क्रशरच्या ऑफिसात बैठक कधीही घेऊ नका.

निमित्त. हळदीकुंकू ठेवलं की बायका हमखास येतात, हा सल्ला फार मिळतो. तो टाळा. हळदीकुंकवाला विधवेला बोलावणं नसतं, आणि तुमच्या यादीत सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकणाऱ्या तिघी-चौघी त्याच असतात. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारनं इतर गावांसाठी परिपत्रक काढलं. म्हणजे हा भेद किती खोल आहे ते सरकारलाही मान्य आहे. बैठकीला बैठकच म्हणा.

गट. एका बैठकीत आठ ते बारा जणी पुरेत. शंभर जणींच्या सभेत तिघीच बोलतात, त्याही पदाधिकाऱ्यांच्या घरातल्या. किमान चार गट करा: शेतजमीन असलेल्या घरांतल्या, शेतमजूर, दलित आणि भटक्या-विमुक्त वस्तीतल्या, आणि एकट्या राहणाऱ्या. सासू आणि सून एकाच गटात बसवू नका. सून बोलणार नाही.

बोलणारी बाई असावी, लिहिणारीही बाईच. पुरुष कर्मचारी नकाशा दाखवून बाहेर जातो. मोबाईलनं चित्रण करायचं तर आधी विचारा, आणि एकीनं जरी नको म्हटलं तरी बंद ठेवा. लहान मुलांसाठी शेजारच्या खोलीत कोणाला तरी बसवा.

प्रश्न "तुमचं म्हणणं काय?" असा मोघम ठेवला की उत्तर येतं, "आम्ही काय सांगणार, मालकांना विचारा." प्रश्न हाताला लागेल असा हवा. पाणी किती वाजता भरता? उन्हाळ्यात कुठून? सरपण, शेण आणि गवत कुठून आणता? शेळ्या कुठं सोडता? कपडे कुठं धुता? प्रातर्विधीला अजून बाहेर जावं लागतं का, कोणत्या बाजूला? मुली शाळेला कोणत्या रस्त्यानं जातात? दुपारी घरी कोण असतं? गावात दारूचं दुकान कुठं आहे? शेवटच्या प्रश्नाला नेहमी बरीच उत्तरं मिळतात. बाहेरचे ड्रायव्हर आणि ऑपरेटर आले की अवैध दारूही येते, हे बायकांना तुमच्याआधी माहीत असतं.

प्रत्येक गटाशी दोनदा बोला. पहिल्यांदा ऐकायचं. दुसऱ्यांदा, साधारण पंधरा दिवसांनी, काय ऐकलं आणि त्यावर काय करणार ते सांगायचं. दुसरी फेरी गाळली तर पहिल्या फेरीचा उपयोग शून्य होतो.

तिसरी पायरी: शिवारफेरी

गटातल्या चार-पाच जणींबरोबर पायी फिरा आणि मोजणी नकाशाच्या प्रतीवर खुणा करा: पाणवठा, आड, धुण्याची जागा, सरपणाची वाट, शेळ्यांचं कुरण, वाळवण घालण्याची जागा, मुलींची शाळेची वाट, एसटीचा थांबा, स्मशान, प्रातर्विधीची जागा. मग त्यावर खाणीची हद्द, क्रशरची जागा आणि डंपरचा रस्ता काढा. रेषा कुठं कापतात ते दिसतं. गायरानावर पट्टा असेल तर ही फेरी अनिवार्यच धरा. गायरान कोणाच्याच ७/१२ वर नसतं, म्हणून भरपाईच्या यादीतही नसतं, पण शेळीच्या दुधावर आणि विकलेल्या करडांवर घर चालवणारी बाई त्यावरच अवलंबून असते. किती शेळ्या, किती महिने, पर्यायी कुरण किती लांब, हे लिहा. पर्याय नसेल तर पट्ट्याची एक बाजू चराईसाठी सोडा किंवा चाऱ्याचा खर्च करारात घाला.

वाळूच्या बाबतीत हा मुद्दा आणखी थेट आहे. पात्रातली वाळू गेली की पाणी मुरवणारा थरच जातो आणि काठाच्या विहिरी खाली जातात. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर १९८० च्या दशकात लोकांनी बळीराजा धरण उभारलं. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा नदीतली वाळू विकून आला, आणि पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरला गेला. वाळूच्या पैशातून पाणी साठवता येतं, हे या भागानं करून दाखवलं आहे. वाळूचा ठेका घेणाऱ्यानं गावातल्या बायकांसमोर जाताना हे लक्षात ठेवावं, कारण त्यांना ते माहीत असतं.

चौथी पायरी: पाण्याचा आणि वेळेचा हिशेब

जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या हांड्यानं अठरा-एकोणीस हांडे. एका खेपेत दोन हांडे धरले तरी नऊ-दहा खेपा. खाणीमुळे विहीर कोरडी पडून पाणवठा ३०० मीटर लांब गेला, तर एका खेपेला ६०० मीटर जास्त आणि दिवसाला साडेपाच-सहा किलोमीटर जादा चाल. हा आकडा करार करताना टेबलावर ठेवा. "थोडी गैरसोय" हा शब्द त्यानंतर कोणी वापरत नाही.

म्हणून खोदाई सुरू होण्याआधी एक किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक विहिरीची आणि बोअरची पाण्याची पातळी मोजून ठेवा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये. मोजमाप घेताना त्या विहिरीवर पाणी भरणारी बाई हजर असू दे आणि नोंदीवर तिची सही किंवा अंगठा घ्या. पुढे वाद झाला की ही नोंद दोघांच्याही उपयोगाची. आणि धूळ बसवायला जे पाणी फवारता ते कुठून येणार हे आधीच लिहा. गाव टँकरवर असताना क्रशरचा टँकर गावच्या विहिरीवर उभा राहिला, की उरलेलं सगळं काम वाया जातं. खाणीत साठलेलं पावसाचं पाणी त्यासाठी वापरा.

पाचवी पायरी: धूळ, हादरा आणि डंपर कुठं मोजायचे

क्रशरच्या धुळीची मर्यादा यंत्रापासून ठरावीक अंतरावर ६०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. वस्तीतल्या हवेसाठी मात्र पीएम १० ची (श्वासात जाणाऱ्या बारीक धूलिकणांची) २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. पहिलं माप पूर्ण झालं म्हणजे दुसरं झालं असं नाही. बहुतेक अहवालांत हवेचं यंत्र ऑफिसच्या गच्चीवर असतं. ते अंगणवाडीत आणि वाऱ्याच्या दिशेच्या शेवटच्या घरात ठेवा, कारण दिवसभर तिथं बायका, तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं असतात. स्क्रीन (खडी चाळणारी मोठी चाळणी) आणि कन्व्हेअरवर पत्र्याचं आच्छादन, हॉपरवर फवारे, वाऱ्याच्या अंगाला भिंत आणि डंपरवर ताडपत्री हे नेहमीचे उपाय. त्यात भर एकच: क्रशर बंद ठेवायचे तास बायकांना विचारून ठरवा. मार्च-एप्रिलमध्ये कुरडया, पापड आणि सांडगे वाळत असतात. त्या महिन्यात सकाळचे चार तास क्रशर बंद ठेवला तर लागणारा खर्च तुमच्या खात्यात फार मोठा दिसणार नाही. त्याच काळात द्राक्षाच्या पट्ट्यात बेदाण्याचे शेड चालू असतात, तिथंही धूळ नको.

सुरुंगाचा हादरा खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या मापानुसार गावातल्या घरांसाठी कमी वारंवारतेला सेकंदाला ५ मिलिमीटरच्या आत हवा. मोजणी सगळ्यात कच्च्या घरात करा, सरपंचाच्या स्लॅबच्या बंगल्यात नव्हे. सुरुंगाची वेळ ठरलेली असावी, रोज तीच, आणि पाणी भरण्याच्या किंवा शाळा सुटण्याच्या वेळेवर नसावी. भोंग्याबरोबर बचत गटांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाका, पण ज्यांच्याकडे फोन नाही अशा घरांची यादी करून तिथं माणूस पाठवा.

डंपरचा हिशेब ब्रासमध्ये करा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण सव्वाचार टन खडी. नियमात भरलेला दहाचाकी डंपर चार ब्रासच्या आसपास नेतो. दिवसाला २०० ब्रास माल निघाला तर ५० भरलेले आणि ५० रिकामे, म्हणजे दहा तासांत दर सहा मिनिटांना एक डंपर. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी एकेक तास वाहतूक बंद, गावातून वेग ताशी २० किलोमीटर, आणि पाणवठ्याच्या वाटेवर वेगरोधक, हे तीन मुद्दे वाहतूक ठेकेदाराच्या करारात दंडासकट घाला. नुसत्या सूचनेनं ठेकेदार ऐकत नाही, कारण त्याला पैसे खेपेवर मिळतात.

सहावी पायरी: जमीन, भाडं आणि कागदावरचं नाव

खाजगी जमिनीवर पट्टा असेल तर भाडं आणि ब्रासमागची रक्कम ७/१२ वरच्या माणसाला जाते. आगाऊ रक्कम एकरकमी हातात आली की ती गाडी, घराचा स्लॅब आणि लग्नात जाते, हे गावागावात दिसतं. शेत गेलं की घरच्या बाईचं काम आणि घरचं धान्य दोन्ही जातं, आणि ती दुसऱ्याच्या बागेत मजुरीला लागते. म्हणून करारात चार गोष्टी घाला.

रक्कम पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात जमा व्हावी, आणि पैसे काढायला दोघांच्या सह्या लागाव्यात. आगाऊ रक्कम एकूण भाड्याच्या पाव हिस्स्यापेक्षा जास्त नसावी, उरलेलं तिमाही हप्त्यानं द्यावं. करार वाचून दाखवताना घरातल्या प्रौढ स्त्रिया हजर असाव्यात आणि त्यांची उपस्थिती लिहिलेली असावी. पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची लक्ष्मी मुक्ती योजना महाराष्ट्रात १९९० च्या दशकापासून आहे. तलाठ्याकडच्या त्या कामाचा खर्च आणि धावपळ कंपनीनं उचलावी.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, बहिणींचा हक्क. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच वाटा आहे. जमीन खाणीला द्यायचं ठरलं की माहेरच्या बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, कधी साडी-चोळीवर, कधी "माहेर तुटेल" या भीतीवर. खाणचालकाला हे सोयीचं वाटतं, कारण कागद सुटसुटीत होतो. पुढे पैसा दिसायला लागला की तीच बहीण किंवा तिचा मुलगा कोर्टात जातो आणि खाण बंद पडते. करारापूर्वी सहा महिन्यांत झालेलं हक्कसोडपत्र दिसलं तर त्या बहिणीला भावांशिवाय, तुमच्या महिला कर्मचाऱ्यामार्फत भेटा. तिला वाटा हवा असेल तर तिला करारात घ्या. फेरफार नोंदी आणि वारसांच्या नोंदी मागची तीस वर्षं तपासा, मधल्या काळात गळालेली बहिणींची नावं तिथं सापडतात.

सातवी पायरी: महिला सभा, ग्रामसभा आणि लेखी करार

सातारा-सांगलीत अनुसूचित क्षेत्र नाही, त्यामुळे पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) यातली ग्रामसभेची ताकद इथं लागू नाही. पण महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहेच, आणि २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत. खाणीचा विषय आधी महिला सभेत घ्यायला लावा, तिथला ठराव इतिवृत्तात जसाच्या तसा लिहून घ्या, आणि तो ग्रामसभेत वाचला गेला याची नोंद ठेवा. महिला सरपंच असेल तर पत्र तिच्या नावानं, फोन तिच्या फोनवर, आणि चर्चा तिच्याशी. तिचा नवरा उत्तर देऊ लागला तर प्रश्न पुन्हा तिला विचारा.

पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान ३० दिवस आधी सूचना देतं. ही सूचना वर्तमानपत्रात येते आणि ती बायकांपर्यंत पोचत नाही. अंगणवाडी, रेशन दुकान, दूध संकलन केंद्र आणि पिठाची गिरणी इथं मराठी सारांशाची एक-दोन पानं लावा. साधारण ५ हेक्टरपर्यंतच्या एकट्या पट्ट्याला सुनावणी लागत नाही, पण ५०० मीटरच्या आत दुसरे पट्टे असले तर क्षेत्र एकत्र धरलं जातं. लागत नसली तरी वरच्या बैठका घ्यायच्याच.

गावाशी करार दोन-तीन पानांचा आणि मराठीत असावा. त्यात फवाऱ्याच्या वेळा, सुरुंगाची वेळ, वाहतुकीचे तास, विहीर आटली तर किती दिवसांत आणि किती पाणी देणार, आणि न पाळल्यास किती रक्कम कुठं भरणार, एवढं आकड्यांत असू दे. देखरेख समितीत निम्म्या जागा बायकांच्या, त्यातली किमान एक खाणीजवळच्या वस्तीतली आणि एक एकटी राहणारी. बैठकभत्ता रोजच्या मजुरीइतका द्या.

आठवी पायरी: काम देताना

क्रशरवर बायकांना हातानं दगड उचलण्याचं किंवा झाडलोटीचं काम मिळतं आणि पगार मुकादमामार्फत नवऱ्याच्या हातात जातो. जोडीनं मजुरी घेणाऱ्या वडार कुटुंबांत तर बाईचं नाव हजेरीपत्रकावरही नसतं. हजेरीवर स्वतंत्र नाव आणि स्वतःच्या बँक खात्यात पगार, इथून सुरुवात. वजनकाटा, डिस्पॅच नोंदी, खडीचं परीक्षण, क्रशरचं कंट्रोल पॅनेल ही कामं शिकून गावातल्या मुली करू शकतात. तीन महिन्यांचं पगारी प्रशिक्षण ठेवा.

जागेवर स्त्रियांसाठी पाण्यासकट वेगळं स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली आणि पायाच्या मापाचे बूट हवेत. मोठे बूट घालून स्क्रीनवर चढणारी बाई घसरते. मास्कही चेहऱ्याला बसतो का ते पाहा. २०१९ पासून उघड्या खाणीत संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेतही लेखी संमती घेऊन महिलांना काम देता येतं, पण एकटीला पाळीवर ठेवायचं नाही, किमान तिघी हव्यात, आणि घरापर्यंत वाहन द्यायचं. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर बंधनकारक. कमी असतील तरी एक सावलीची खोली आणि सांभाळणारी बाई ठेवा, नाहीतर मुलं क्रशरच्या आवारात खेळतात.

नववी पायरी: तक्रार

तक्रारपेटी ऑफिसच्या दारात ठेवली तर ती रिकामी राहते. ती अंगणवाडीत किंवा गिरणीजवळ ठेवा, सोबत एका महिला कर्मचाऱ्याचा फोन क्रमांक द्या. तोंडी तक्रारही लिहून घ्यायची, नाव द्यायचं नसेल तर बिननावानं. पाण्याची आणि सुरुंगाची तक्रार २४ तासांत पाहायची, बाकीच्या सात दिवसांत.

छेडछाडीची गोष्ट वेगळी हाताळावी लागते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. तिची अध्यक्ष महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक बाहेरच्या संस्थेची व्यक्ती. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. हा कायदा फक्त नोकरीतल्या बाईपुरता नाही, खाणीच्या आवारात कामानिमित्त आलेल्या कुठल्याही स्त्रीला तो लागू होतो. रस्त्यावर मुलींना त्रास देणाऱ्या ड्रायव्हरसाठी ठेकेदाराच्या करारात थेट कलम हवं: तक्रार खरी ठरली की तो ड्रायव्हर त्या रस्त्यावर पुन्हा नाही. तक्रार करणाऱ्या मुलीची शाळा बंद होऊ नये याची काळजी घ्या. घरचे आधी तेच करतात.

दहावी पायरी: गावासाठीचा खर्च

नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचा कंपनी कायद्याचा नियम ५०० कोटींचं नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा यांपैकी एक ओलांडल्यावर लागतो. इथले बहुतेक क्रशर त्यात बसत नाहीत. पण जिल्हा खनिज प्रतिष्ठान (खाणीच्या झळा सोसणाऱ्या भागासाठीचा जिल्ह्याचा निधी) २०१५ पासून कायद्यात आहे, आणि त्याच्या प्राधान्य यादीत पिण्याचं पाणी, आरोग्य, महिला व बालकल्याण येतं. महिला सभेचा ठराव जोडून तिथं प्रस्ताव पाठवायला ग्रामपंचायतीला मदत करा.

स्वतःच्या पैशातून देताना शिलाई मशीन आणि गावच्या वेशीवरची कमान हे दोन प्रकार टाळा. शिलाई येत नसलेल्या घरात मशीन कोपऱ्यात राहतं. यादी दाखवून बायकांना तीन कामं निवडायला सांगा, प्रत्येकीला तीन चिंचोके देऊन चित्रांवर टाकायला लावा. पुरुषांच्या बैठकीत मंदिर आणि रस्ता वर येतो, बायकांच्या बैठकीत बहुधा पाणी, धुण्याचा घाट आणि शाळेची गाडी. दोन्ही निकाल शेजारी लावून ग्रामसभेत ठेवा.

अकरावी पायरी: नोंद, आणि खाण बंद करताना

दर तीन महिन्यांनी एका पानावर लिहा: विहिरींची पातळी, बंद तासांत गेलेले डंपर, आलेल्या तक्रारी आणि त्यांतल्या बायकांच्या किती, संयुक्त खात्यात गेलेल्या रकमा, कामावरच्या महिला आणि त्यांचा सरासरी पगार पुरुषांच्या तुलनेत. हे पान महिला सभेत वाचा. बायकांकडून तिमाहीत एकही तक्रार आली नाही तर समाधान मानू नका, पेटी कुठं आहे ते पाहा.

खाण संपली की खड्ड्यात पाणी साठतं. बायका तिथं कपडे धुवायला जातात, मुलं पोहायला, आणि उभ्या कड्यावरून पाय घसरला की वर येता येत नाही. पट्टा संपण्याच्या एक वर्ष आधी महिला सभेसमोर दोन पर्याय ठेवा: खड्डा भरून चराईची जमीन करायची, की पाणवठा ठेवायचा. पाणवठा ठेवायचा ठरला तर उतरायच्या एका बाजूला टप्प्याटप्प्यानं उतार, दगडी पायऱ्या, हाताला धरायला लोखंडी कठडा, धुण्यासाठी सपाट घाट आणि जनावरांसाठी वेगळी उतरंड करा. बाकीच्या तिन्ही बाजूंना माणसाच्या खांद्याएवढं कुंपण घाला. पाण्याची तपासणी करून ते पिण्यायोग्य आहे की नाही याची पाटी मराठीत आणि चित्रात लावा. कुंपणाची दुरुस्ती पुढची पाच वर्षं कोण आणि कोणत्या पैशातून करणार हे करारात लिहून ती रक्कम पट्टा चालू असतानाच बाजूला काढा, कारण मशिनरी हलली की वसुलीला कोणी सापडत नाही.